एकमताने मंजूर? मी त्या बैठकीत होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आपल्या विद्यापीठाच्या तृतीय वर्षाच्या नव्या अभ्यासक्रमाची बातमी वाचली. सगळ्या अभ्यास मंडळांनी, म्हणजे त्या त्या विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या प्राध्यापकांच्या समित्यांनी, तो म्हणे एकमताने मंजूर केला आणि प्राध्यापकांनीच तो घडवला. शेजारी कुलगुरू दीपप्रज्वलन करतानाचा फोटो. फोटो छान आलाय. तुमच्या वार्ताहराला मी दोष देत नाही. त्याने प्रसिद्धीपत्रक अगदी इमानदारीने उतरवून काढलंय, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

इतिहासाच्या अभ्यास मंडळावर मी होते. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने मंडळावर निवडून येणारे विभागप्रमुख तीनच ठेवले आहेत आणि कुलगुरूंनी नेमायचे शिक्षक सहा. त्या निवडून आलेल्या तिघांतली मी एक. बैठकीत मी तोंडी विरोध केला आणि तिथेच कागद मागून घेऊन भिन्नमत लिहून दिलं. एकमताने मंजुरी मिळाली असेल तर तो कागद गेला कुठे, एवढंच मला विचारायचं आहे.

विषयपत्रिका आदल्या रात्री जेवणं आटोपल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर आली. सोबत पीडीएफ. मी वाचत बसले. ‘ऐतिहासिक पर्यटन मार्गदर्शन’ या पेपराच्या तिसऱ्या घटकापर्यंत पोचले तर तिथे हाउसबोटीच्या सहलीचं नियोजन. आमच्या तालुक्यात मार्च उजाडला की टँकरच्या फेऱ्या सुरू होतात. पान खाली सरकवलं तर तळाशी बारीक अक्षरात परराज्यातल्या एका विद्यापीठाचं नाव. म्हणजे घटक तर घेतलेच, पानाचा तळही पुसायची तसदी कुणी घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी ते दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, ते टायपिंगमध्ये बघून घेऊ.” हाउसबोटीचं विचारलं. “मॅडम, उदाहरणादाखल आहे.” मग चहा आला, वेफर्स आले, प्रवासभत्त्याचे फॉर्म फिरले आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो. हे अध्यक्ष माझ्याहून वयाने लहान, अभ्यासू, एरवी सज्जन माणूस. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडी एकच पालुपद होतं, “हे वरून आलंय.” वरून म्हणजे कुठून? कायद्यात अभ्यास मंडळाच्या वर अभ्यासक्रमाला मान्यता देणारी विद्या परिषद आहे. पण विद्या परिषदेची बैठक तर आमच्यानंतर व्हायची होती!

पर्यटनाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर उद्या कुणीतरी ‘मुलांना नोकऱ्या नकोत का?’ असं पत्र पाठवेल. नोकऱ्या हव्यातच. विरोध होता तो त्या पेपराला जागा करायला जे काढून टाकलं त्याला. ‘स्थानिक इतिहास : साधने आणि क्षेत्रकार्य’ हा पेपर आमच्याकडे बरीच वर्षं होता. त्यात मुलं आपापल्या गावचे वीरगळ, सतीशिळा मोजमाप घेऊन नोंदवायची, जुन्या वाड्यांत मोडी दप्तरं शिल्लक आहेत का ते विचारत फिरायची आणि म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यायची. एका तुकडीला मी १९७२ चा दुष्काळ दिला होता. एक मुलगा होता, वर्गात मागच्या बाकावर बसून मोबाइल चाळणारा. तो आजीशी बोलायला बसला. आजीने खडी फोडायच्या कामाचं सांगितलं, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचं सांगितलं, मिलो या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरीचं सांगितलं, ती घशाखाली उतरत नसे म्हणून धाकटी नणंद कशी रडायची तेही सांगितलं. आणि ओघात म्हणाली, “तुम्ही पोरं पार्ट्या करता ना, त्या तलावाची माती आम्हीच वाहिली.” त्या पाझर तलावाच्या बांधावर हा दर रविवारी मित्रांना घेऊन जायचा. मुलाखत घेऊन आला तो थेट त्या कामाच्या मस्टरच्या, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटाच्या, शोधात. ग्रामपंचायत झाली, तहसील झालं, नाही मिळालं. मग रोजगार हमी योजना नेमकी कधी सुरू झाली, तिचा कायदा १९७७ चा तर मग ७२ साली कामं कुठल्या आधारावर निघाली, असले प्रश्न तो मला स्टाफरूमच्या दारात उभा राहून विचारायला लागला. एकाही प्रश्नाला परीक्षेत गुण नव्हते.

हा पेपर आता नाही. अध्यक्षांचं म्हणणं, “ते सगळं फील्ड प्रोजेक्टमध्ये बसवा, त्याला वेगळे क्रेडिट्स आहेत.” आहेत, मान्य. पण मुलाखत कशी घ्यायची, एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी आणि कागदाशी कशी ताडून बघायची, शिलालेखाचा ठसा कसा घ्यायचा हे कुणी शिकवलंच नाही, तर फील्ड प्रोजेक्ट म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी स्पायरल बाइंडिंगची वही. ती आम्ही सगळ्यांनी तपासलेली आहे. त्यात गावाचं नाव बदललेलं असतं, बाकी मजकूर मागच्या वर्षीचाच. दोन क्रेडिटच्या थिअरीला तास मिळतात तीस. त्यात एक चाचणी, एक गणपतीची सुट्टी आणि एक विद्यापीठाचाच युवा महोत्सव जाऊ द्या. उरलेल्यात हाउसबोट तेवढी होईल. आणि गंमत बघा, ज्या शैक्षणिक धोरणाचं नाव घेऊन हे चाललंय, त्या २०२० च्या धोरणात स्थानिक संदर्भाचा आणि करून शिकण्याचा केवढा जयजयकार आहे! ते आमच्या मंडळात कुणी उघडून वाचलं असेल का, अशी शंका येते.

पुढचं ऐका. विद्या परिषदेची बैठक लांबली आणि एक दिवस परिपत्रक आलं : विद्यापीठ कायद्याच्या कलम १२(७) अन्वये, विद्या परिषदेच्या मान्यतेच्या अधीन राहून, अभ्यासक्रम लागू. हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे. कुलगुरूंनी आधी निर्णय घ्यायचा आणि मग तातडी का होती ते संबंधित प्राधिकरणाला लेखी कळवायचं. आता ही तातडी कसली? नवं धोरण लागू करण्याचा शासन निर्णय २० एप्रिल २०२३ चा. संलग्न महाविद्यालयांत अंमलबजावणी २०२४-२५ पासून. म्हणजे पहिली तुकडी तिसऱ्या वर्षाला २०२६-२७ मध्ये येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. भूकंप, महापूर, साथीचा रोग, यांतलं काही आलं नाही. आली ती फक्त जून महिन्याची तारीख, आणि ती दरवर्षी येते.

२०१० साली मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी, तिच्या प्रती जाळल्या गेल्यावर, बी.ए.च्या अभ्यासक्रमातून काढली, तेव्हाही असाच तातडीचा अधिकार वापरला गेला होता, जुन्या १९९४ च्या कायद्यातला. त्या वेळी वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले होते. भरायलाच हवे होते. पण एका पुस्तकासाठी एवढा गदारोळ करणारे आपण सगळे, विषयच्या विषय पातळ केले जातात तेव्हा दीपप्रज्वलनाचा फोटो छापतो. कादंबरी जाळायला कार्यकर्ते लागतात, टीव्हीवाले येतात. पेपर चार क्रेडिटचा दोन करायला एक एक्सेल शीट पुरते.

आणि शिकवणार कोण, ते तरी बातमीत यायला हवं होतं. आमच्या विभागात शेवटी पूर्णवेळ मी एकटी उरले होते, बाकी तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन मिळणारे. त्या मुलामुलींना मानधन सहा-सहा महिने मिळत नाही, मेमध्ये त्यांचा कॉलेजशी संबंध संपतो, जून-जुलैत पुन्हा मुलाखत आणि मग हातात नवा अभ्यासक्रम : उद्यापासून शिकवा. अभ्यास मंडळात त्यांना कुणी विचारत नाही. त्यांतल्या एकीने मला फोन करून विचारलं, “मॅडम, हाउसबोटीसाठी कुठलं पुस्तक वापरू?” मी काय सांगणार? संदर्भसूचीतली अर्धी पुस्तकं आमच्या ग्रंथालयात नाहीत आणि उरलेली अर्धी बाजारातही नाहीत.

माझी मागणी फार मोठी नाही. आपल्या वार्ताहराने इतिहास अभ्यास मंडळाच्या त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागावी. मी दोनदा अर्ज केला. पहिल्या वेळी ‘इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम व्हायचं आहे’ असं उत्तर आलं, दुसऱ्या वेळी ‘आपण आता सदस्य नाही’ असं. दोन्ही उत्तरं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत. वर्तमानपत्राला कदाचित तिसरं उत्तर मिळेल. आणि मिळालीच प्रत, तर माझं भिन्नमत त्यात आहे की नाही तेवढं बघून छापा. नसेल तर ‘एकमताने’ हा शब्द मागे घ्या, तोही पहिल्या बातमीइतक्याच मोठ्या टायपात. शेवटच्या पानावर, निविदांच्या खाली नको.

जाता जाता एक. मागे ग्रंथालयाच्या वेळांबद्दल मी लिहिलेलं पत्र आपण छापलंत, आभारी आहे. पण त्यातला तक्रारीचा परिच्छेद जागेअभावी गळला आणि ग्रंथपालांचं कौतुक तेवढं राहिलं. ते ग्रंथपाल अजून मला रस्त्यात थांबवून धन्यवाद देतात. या खेपेला जागा कमीच पडली तर कृपया फोटोबद्दलचं वाक्य गाळावं.

आपली,
एक निवृत्त इतिहास विभागप्रमुख

(नाव आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडलं आहे, छापू नये. माझी पेन्शनची फाइल अजून एका टेबलावर पडून आहे.)