केशरी डाग पुसणाऱ्या डॉक्टरांना

नमस्कार डॉक्टर,

आमचा बोका बंड्या काल पहिल्यांदा स्वतःहून उडी मारून फ्रिजवर जाऊन बसला. आईने देवापुढे साखर ठेवली आणि मला म्हणाली, आता तरी त्यांना पत्र लिही. तीन आठवडे रोज लिहायला बसते आणि डोळे भरून आले की उठते. आज पूर्ण करूनच उठेन.

३० जूनला आई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाली. बरोबरच्या बाईंनी दादरच्या फूलबाजारातून पांढऱ्या लिलींचा मोठा गुच्छ आणला होता. असली फुलं आमच्या घरात पहिल्यांदाच आली. तांब्यात पाणी घालून मी ती टीपॉयवर ठेवली, घरभर वास सुटला, आणि बंड्या संध्याकाळभर तिथेच घुटमळत होता. आम्ही कौतुकाने त्याचे फोटो काढले. त्या फोटोंत त्याच्या नाकावर लिलीच्या परागांची केशरी पूड स्पष्ट दिसते. आता ते बघवत नाहीत.

रात्री साडेअकराला लाळ, मग उलट्या. दुसऱ्या उलटीत पाकळीचा तुकडा. ज्या दवाखान्यात बंड्याची प्रत्येक लस झाली, तिथे फोन केला. “मांजरं उलट्या करतातच. थांबलं तर आणूही नका, नाहीतर उद्या दहानंतर या.” दुसऱ्या ठिकाणी तर पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. आणि साडेबाराला उलट्या खरंच थांबल्या. तो पाय पोटाशी घेऊन गप्प बसला. मी दिवा मालवायला उठले होते, डॉक्टर. आईचंच मन मानेना, म्हणून तिने खालच्या मजल्यावरच्या मुलीला उठवून तुमचा नंबर घेतला.

तुम्ही एकच विचारलंत, “घरात लिली आहे का?” मी म्हटलं, हो, पण आता तो शांत झालाय. त्यावर तुम्ही म्हणालात, “शांत झालाय म्हणूनच लगेच निघा.”

त्या वाक्याचा अर्थ मला नंतर कळला. पहिल्या उलट्या ओसरल्या की मांजर बरं झाल्यासारखं वाटतं, आणि आत मूत्रपिंडं निकामी होत जातात. एक ते तीन दिवसांत लघवी बंद पडते आणि मग हाती फार काही उरत नाही. म्हणजे ‘थांबलं तर आणूही नका’ हा सल्ला आम्ही ऐकला असता तर बंड्या कदाचित आज नसता. त्यांना माहीत नव्हतं, याचा राग नाही मला. लिलीतलं नेमकं कोणतं द्रव्य हे करतं ते शास्त्रज्ञांनाही अजून सापडलेलं नाही, असं तुम्हीच सांगितलंत. पण बाई रडतेय, तर काय खाल्लं एवढं तरी विचारावं की नाही?

जिन्यात एक काका भेटले. “भटकं पिल्लू उचलून आणलेलं, त्याच्यासाठी एवढ्या रात्री?” त्यांना उत्तर द्यायलाही वेळ नव्हता. रिक्षावाल्याने मात्र काही न विचारता स्वतःचा रेनकोट टोपलीवर टाकला आणि स्वतः भिजत आम्हाला तुमच्या दारात सोडलं.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. सलाईन, रक्ताच्या तपासण्या, तीन दिवस, तीन रात्री, सगळ्याची मी ऋणी आहे. पण मला आठवतो तो पहिला मिनिट. तुम्ही ओल्या कापसाने बंड्याचं नाक पुसलंत, मिशा पुसल्यात, चारही पंजे बोटाबोटांतून पुसलेत. मग वर न बघता माझा उजवा हात ओढून घेतलात. माझ्या बोटांवर तोच केशरी डाग होता, मला पत्ताही नव्हता. “हा हात त्याच्या अंगावरून फिरवाल आणि तो अंग चाटेल,” असं म्हणत तुम्ही माझं एकेक बोट, नखांच्या कडांपर्यंत, पुसलंत. ‘तुम्ही फुलं आणलीच कशी’ असं एका शब्दानेही म्हणाला नाहीत. मी स्वतःला घरापासून तेच बोलत होते. तुम्ही हात सोडलात तेव्हा मला पहिल्यांदा धड श्वास घेता आला.

असं वागणारी माणसं या शहरात आहेत म्हणून आमच्यासारखी माणसं इथे टिकतात. रात्री एकला फोन उचलणारी, भिजणारी, दुसऱ्याचा हात पुसणारी. त्यांना कुणी गुच्छ देत नाही.

घरातही बदल केले आहेत. तुम्ही सांगितलंत की नुसते पुंकेसर काढून भागत नाही, पान, देठ, तांब्यातलं पाणीसुद्धा विषारी. त्यामुळे लिली आता उंबऱ्याच्या आत येणार नाही, तशीच घातक डे लिलीही नाही. पीस लिली नावापुरती लिली, किडनीला धोका नाही, पण मनी प्लांट आणि डिफेनबेकियासारखी तीही तोंड सोलवटते, म्हणून तिन्ही मावशीकडे गेली. तिच्याकडे जनावर नाही. मोगरा, जास्वंद आणि अरेका पाम राहिले. सोसायटीच्या फाटकाशी सायकस हे पामसारखं दिसणारं झाड आहे, त्याच्या बिया यकृत नासवतात. सेक्रेटरींनी ‘मांजरांनी बागेत यायचंच कशाला’ म्हणून विषय संपवला. माळीकाकांनी मात्र ऐकून घेतलं, आणि आता पडलेल्या बिया ते रोज सकाळी स्वतः वेचून नेतात. तळमजल्यावरची तीन मांजरं तिथेच खेळतात, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

बंड्याला पानं चावायची हौस आहेच, म्हणून पसरट कुंडीत गहू पेरले. चार बोटं वाढले आणि त्याने फडशा पाडला. तशीच एक कुंडी तुमच्या दवाखान्यातल्या तीन पायांच्या मनीसाठी लावली आहे. त्या तीन रात्री ती माझ्या मांडीवर झोपायची. रविवारपर्यंत गहू वर येतील, मी आणि आई घेऊन येतो.

तुमची,
बंड्याची ताई
मुलुंड