चिनूला पुण्याला आणतेय

पुणे, मे अखेर

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा फोन आईकडे देऊन गॅलरीत गेले असते. म्हणून लिहितेय. चिनूचा, माझ्या या धाकट्या भावाचा, इथल्या बौद्धिक अक्षम मुलांच्या व्यवसाय प्रशिक्षण केंद्रात प्रवेश घेतलाय. फी भरलीय. जूनच्या मध्यापासून तो आमच्याकडे राहील. आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ‘दिवाळीनंतर बघू’ झालं असतं, आणि ती दिवाळी कधी उजाडत नाही हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

रागवायचं ते रागवून घ्या, मग पुढचं वाचा.

दुकान होतं तोवर मला घोर नव्हता. चिनूने पाव किलो साखरेची पुडी बांधली की काटा पुन्हा बघावा लागायचा नाही. जिभेचं टोक बाहेर काढून शेवटची चिमूट टाकायचा, गिऱ्हाईक ताटकळलं तरी! अँजिओप्लास्टीनंतर तुम्ही दुकान बंद केलंत ते बरोबरच केलंत. पण तेव्हापासून तो टीव्हीपुढे बसून आहे. अठरा पूर्ण झाल्यावर शाळेने हातात नारळ दिलाच होता. कायद्यातलं मोफत शिक्षणही तिथंच थांबतं. आईने रोज संध्याकाळी घेऊन बसून त्याची एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, ‘ब’ पातळी (पाचवी) करून घेतली. ती काय रिमोटची बटणं वाचण्यासाठी?

बाबा म्हणतील, कॉलेजात राखीव जागा असतात की. असतात, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ५ टक्के. पण बारावी कुठून आणायची? सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आहेत. त्यातला एक टक्का स्वमग्न, बौद्धिक अक्षम, मानसिक आजार असलेले अशा सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. त्या रांगेत त्याची उमेदीची वर्षं घालवायला माझं मन होत नाही.

मी केंद्रात जाऊन दिवसभर बसले होते. पॅकिंगच्या टेबलासमोर भिंतीवर फोटोंची पट्टी आहे : पिशवी उघडली, माप टाकलं, वजन बघितलं, सील केलं. वाचता येत नसलं तरी पुढचं काय ते फोटोवरून कळतं. एक मुलगी सील करायचं विसरून पुढची पिशवी उचलायला लागली. बाई शेजारीच होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं. मुलीने जरा वेळ बघितलं, पिशवी मागे घेतली आणि सील केली. आपल्या घरात ती पिशवी एव्हाना तिच्या हातातून गेली असती. मायेपोटीच, पण गेली असती. पैशांचंही सोपं करून शिकवतात. बिल सदतीस झालं की चाळीस द्यायचे, सुट्ट्यांच्या भानगडीत पडायचं नाही. कुठे काम लागलं तर सुरुवातीला जॉब कोच, म्हणजे कामावर शिकवणारा माणूस, सोबत असतो, मग हळूहळू लांब होतो. लगेच पगार सुरू होईल असं मी म्हणत नाही. पण वजनकाट्यावर बसवलं तर आपला चिनू कुणाला ऐकायचा नाही.

आई, त्याच्या खाण्यापिण्याची काळजी करू नकोस. थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर, चहा अर्ध्या तासाने, हे मी फ्रिजवर लिहून ठेवलंय. वरण-भात रोज होईल. त्याचं स्टीलचं ताट आणि ती चपटी उशी मात्र दे, नाहीतर मला पहिल्याच रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने परत यावं लागेल. रोज रात्री जेवणं झाली की फोन. आणि गणेश चतुर्थीआधी देवळात चोर गणपती बसायच्या आत तो सांगलीत असेल, शब्द देते. लहानपणी मला ताप आला की तू माझ्या कपाळावर हात ठेवून तशीच झोपून जायचीस. चिनूला ती सवय अजून आहे. मी ठेवीन गं हात.

आता तुमची कामं. आई, चिनूला कोण बघणार म्हणून मोतीबिंदू लांबवत होतीस ना? आता लगेच करून घे, जूनअखेरीस मी रजा टाकतेय. बाबा, गोळ्या वेळेवर घ्या आणि माळ्यावर चढू नका. स्टेशनवर दोघांनीही रडायचं नाही, त्याला लगेच लागण होते.

पालकत्वाचा अर्जही आता करून टाका. अठरानंतर आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती पालक नेमते. ‘आपल्यानंतर याचं काय’ हे तुम्ही रात्री दिवे मालवल्यावर बोलायचात ते मला पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं. तुम्हाला काही होणार आहे म्हणून नव्हे, कागद तयार असावेत म्हणून सांगतेय. न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याचा फॉर्मही भरा, लाखापर्यंत खर्च मिळतो आणि आधीपासूनचे आजार आड येत नाहीत.

येताना यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), जुनं अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि एनआयओएसचा निकाल, तिन्ही मूळ प्रती आणा. झेरॉक्स चालत नाही. भडंग एकच पिशवी, आई. एकच.

तुमची,
ताई