‘चाचणीत सिद्ध’ म्हणजे नेमकी कोणती चाचणी?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: मसाल्यांच्या जेलमुळे आईच्या गुडघ्यांवर उठलेले पुरळ आणि चाचण्यांचा तपशील मिळण्याबाबत

महोदय,

वेंगुर्ल्याच्या बाजारात मी आपल्या जेलची ट्यूब घेतली ती खोक्यावरच्या ‘चाचणीत सिद्ध, पूर्ण सुरक्षित’ या शब्दांवर विसंबून. पावसाळा लागला की आईचे गुडघे सुजतात. ती सकाळ-संध्याकाळ जेल लावू लागली. पहिले आठ दिवस काही त्रास नाही, उलट बरे वाटते म्हणाली. नवव्या रात्री तिने मला उठवले, “झिला, आग आग होता रे.” दिवा लावून पाहिले तर दोन्ही गुडघे लालबुंद, वर पाण्याचे बारीक फोड, आणि जेल ओघळले होते तिथवर पोटरीवरही तेच. डॉक्टरांनी स्पर्शाने होणारी अ‍ॅलर्जी असे निदान केले. पुरळ मावळायला पंधरवडा गेला. त्या दिवसांत साडी गुडघ्याला घासली तरी ती कळवळायची.

आपल्या मदत क्रमांकावर फोन केल्यावर चाचण्यांचे माहितीपत्रक आले. मी ते दोनदा वाचले. उंदरांच्या पंजात कॅरॅजिनन (समुद्री शेवाळापासून काढलेला, सूज आणणारा पदार्थ) टोचून सूज आणली आणि जेलने ती काही तासांत किती उतरते ते मोजले. सशांच्या कातडीवर चार तास जेल ठेवून पुढे तीन दिवस लाली येते का ते पाहिले. या पद्धती जगभर वापरतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सशावरची चाचणी एकदा लावून होणारी जळजळ दाखवते. अ‍ॅलर्जी तशी येत नाही. रोज लावता लावता शरीर त्या पदार्थाला ओळखू लागते आणि मग एक दिवस उसळते. आईचे आठ दिवस निभावले आणि नववा नडला, तो असा. त्यासाठी वेगळी, पुन्हा पुन्हा लावून पाहण्याची चाचणी असते. तिचा पत्रकात उल्लेखच नाही.

आपल्या जेलमध्ये लवंग आणि दालचिनी, दोन्हींचे तेल आहे. लवंगेतले युजेनॉल आणि दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड काहींच्या त्वचेला सोसत नाही, हे त्वचारोगतज्ज्ञांना जुनेच ठाऊक आहे. माझ्या नारळ-पोफळीच्या बागेत दालचिनी, जायफळ, मिरी आहे. मसाला औषधी आहे हे मला कोणी पटवून द्यायला नको. पण आमच्याकडे दाढेला लवंगेचे तेल लावतात तेही कापसाच्या बोळ्यावर थेंबभर, हिरडीला लागू न देता. झाडापासून आले म्हणून निर्धोक, असे इथला बागायतदार म्हणणार नाही. आपण ते खोक्यावर छापले आहे.

शिवाय लेबलवर घटकांची नुसती नावे आहेत, प्रमाण नाही. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधला नियम १६१ आयुर्वेदिक औषधावर प्रमाणही मागतो.

ट्यूबचे पैसे परत मिळावेत, पण मला त्याहून हवे आहे ते लेखी उत्तर: अ‍ॅलर्जीची चाचणी झाली का, माणसांवर जेल किती दिवस वापरून पाहिले, तेलांचे प्रमाण किती? आणि ‘आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस पाहा, पुढेही पुरळ उठल्यास वापर थांबवा’ अशी सूचना ठळक मराठीत छापा. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना इंग्रजीतली बारीक अक्षरे वाचता येत नाहीत.

बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, गुडघ्यांचे फोटो आणि बॅच क्रमांकाचा फोटो सोबत जोडला आहे. उरलेली अर्धी ट्यूब मी जपून ठेवली आहे. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर ती घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग