जामीन मंजूर, तरी पोरगा आतच

महोदय,

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असं आपण धरून चालतो. आमच्या कुंभारीच्या विडी घरकुलातल्या माझ्या शेजारणीचा अनुभव वेगळा आहे. तिचा मुलगा यंत्रमागावर कामाला. मारामारीच्या गुन्ह्यात धरला, पुढे कोर्टाने जामीन दिला: 15 हजारांचा जातमुचलका (म्हणजे स्वतः लिहून द्यायची हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईने ऐपतीचा दाखला असलेला माणूस आणायचा कुठून? तिचा भाऊ इंडी तालुक्यातून शेताचा उतारा घेऊन आला, तर ‘कर्नाटकातला चालत नाही, इथला माणूस आणा’ म्हणून त्याला परत पाठवलं. पैसे घेऊन जामीन राहणारा एकजण बाहेरच भेटला. तिने त्याला नाही म्हटलं, ते योग्यच केलं. पण पोरगा आतच राहिला. मार खाल्लेल्याला न्याय मिळायलाच हवा, पण त्यासाठी खटला आहे ना!

बाहेरगावचा म्हणून जामीनदार नाकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 सालीच मोती राम खटल्यात सांगितलंय. मध्य प्रदेशातल्या मोती राम या गवंड्याकडे 10 हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ नाकारला होता. सोलापूरकरांची तर निम्मी सोयरीक इंडी, आळंद, अफझलपूर नाहीतर तेलंगणात!

31 जानेवारी 2023 च्या आदेशात न्यायालयाने पुन्हा बजावलं. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या, सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर कोर्ट आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. गुन्हा जामीनपात्र, म्हणजे जामीन हा हक्कच असलेला, असेल तर कायदाच सांगतो, की अटकेपासून आठवड्यात जामीनदार देऊ न शकणाऱ्याला गरीब समजून नुसत्या जातमुचलक्यावर सोडावं.

हे मला युनियनच्या वकिलांकडून कळलं. त्या आईला कुणीच सांगितलं नव्हतं.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला माझी विनंती आहे. तुरुंगाच्या भेटीच्या दाराशी हे नियम मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत लावा. आणि जामीन मिळूनही सात दिवसांनंतर आत असलेल्यांची संख्या दर महिन्याला वर्तमानपत्रांना द्या. नावं नकोत, आकडा पुरे.

– एक विडी कामगार, कुंभारी, सोलापूर