ब्रश अजून माझ्याकडेच आहे, काका

ती. काका,
सा. न.

पेढ्यांचा पुडा तुम्ही दारातूनच परत पाठवलात. "चार टोमॅटो लागले म्हणून कोणी पेढे वाटतं का?" म्हणालात. चार नाही काका, कालपर्यंत एकशे बारा झाले. लेक फ्रिजवर कागद चिकटवून रेघा ओढते, त्यामुळे हिशोब चोख आहे. पेढे घेत नाही तर पत्र घ्या. आणि ते मी मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आपल्या बी विंगमधल्या निम्म्या कुंड्या तुमच्या जिवावर उभ्या आहेत.

गेल्या वर्षी मी हौसेने मार्चमध्ये बी टाकलं होतं. एप्रिलच्या शेवटी फुलं आली आणि देठाशी पिवळी पडून टपाटप गळाली. मी खत वाढवत गेले, पानं माजली, फळ एक नाही. लिफ्टमध्ये तुम्हाला सांगितलं तर तुम्ही विचारलंत, "एप्रिलात रात्री तुला पंख्याशिवाय झोप येते का? त्यालाही येत नाही." दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही गारवा नाही, म्हणजे परागकण कामाचे राहत नाहीत, हे तुम्ही तळमजला ते सातवा मजला एवढ्या वेळात समजावलंत. मग गणपती गेल्यावर चहाच्या कागदी कपांत तीन रोपं आणून दिलीत. टायनी टिम. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर विद्यापीठाने १९४५ मध्ये आणलेला वाण, फूट-दीड फुटाच्या वर जात नाही, आठ इंची कुंडीत मावतो. नारायणगावकडच्या माणसाने, ज्याच्या भावाच्या शेतातून वीस-वीस किलोची कॅरेटं बाजाराला जातात, त्याने हे खेळण्यातलं झाड जपून ठेवावं याची मला गंमत वाटली होती.

आता कबुली देते. त्या झाडांवर मी कात्री चालवली होती. व्हिडिओत पाहिलं होतं, बगलफूट काढली की फळ मोठं होतं. म्हणून रोज सकाळी चहा घेता घेता पानाच्या बगलेतला प्रत्येक फुटवा खुडत होते. तुम्ही पाणी बंद होणार म्हणून सांगायला आलात आणि माझ्या हातातला तो हिरवा फुटवा बघून मटकन खुर्चीत बसलात. "अगं, हीच तर फांदी. हिलाच टोमॅटो लागणार होते." तारेवर चढवायचं उंच झाड वेगळं, ते वाढतच राहतं, म्हणून त्याची बगलफूट काढतात. हे बुटकं झाड शेंड्याला फुलांचा घोस आला की वाढ थांबवतं, त्याला फळ लागायचं ते बाजूच्या फांद्यांवरच. एका झाडाचं मी पार वाटोळं केलं होतं. तुम्ही रागावला नाहीत, फक्त कात्री उचलून फ्रिजवर ठेवलीत. ती आजही तिथेच आहे.

मग तो ब्रशाचा प्रकार. फुलं भरपूर, फळ धरेना. तुम्ही माझी बाल्कनी नीट न्याहाळलीत. तिन्ही बाजूंनी काच. "इथे वारा कुठून येणार? आणि भुंगा?" दुसऱ्या दिवशी शर्टाच्या खिशात बॅटरीवरचा जुना टूथब्रश घालून आलात. फुलामागच्या देठाला तो टेकवला, घुर्र केलं, आणि खाली धरलेल्या काळ्या मोबाइलच्या काचेवर पिवळी पूड उतरली. पीठ चाळल्यासारखी. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं, पण पराग नळीत कोंडलेले असतात, ते हादऱ्यानेच सुटतात. भुंग्याला तो हादरा देता येतो, साध्या मधमाशीला नाही. युरोपातल्या हरितगृहांतही भुंग्यांच्या पेट्या येईपर्यंत माणसं कंपनाची कांडी घेऊन फिरत होती, हे सांगताना तुमचा चेहरा असा फुलला होता की मी मध्ये चहा विचारलाच नाही. माफ करा. अकरा दिवसांनी घोसात मोहरीएवढे हिरवे मणी दिसले.

पांढऱ्या माशीचे पिवळे चिकट सापळे, निंबोळी पेंड वगैरे सगळं तुमच्याच यादीतलं. फळांची बुडं काळी पडली तेव्हा मी अंड्यांची टरफलं कुटत बसले होते. तुम्ही म्हणालात, टरफलं विरघळायला महिने लागतात, तू शनिवार-रविवार गावाला जातेस ते आधी बघ. पाणी कधी तुडुंब, कधी ठणठणाट, मग कॅल्शियम मातीत असूनही फळापर्यंत पोचत नाही. आता शेजारच्या वहिनी पाणी घालतात, मोबदल्यात वाटीभर टोमॅटो.

पिकलेल्या तीन फळांचं बी दोन दिवस पाण्यात आंबवून, धुऊन, ताटलीत वाळवलंय. पुडी तुमच्या दुधाच्या पिशवीत ठेवलीय, पेढे समजून परत पाठवू नका.

ब्रश या रविवारी आणून देणार होते. पण दुसऱ्या कुंडीला आजच फुलं आलीत.

तुमची,
सातव्या मजल्यावरची काचेवाली