आम्हा घरगुती पाळणाघरांची नोंदणी सुरू करा

मा. आदिती तटकरे,
महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीत राहत्या घरी पाळणाघर चालवते. मुलं मला काकू म्हणतात, त्यांच्या आयाही काकूच म्हणतात. सकाळी साडेसातला पहिलं बाळ येतं आणि लोकल वेळेवर असतील तर रात्री आठपर्यंत शेवटचं घरी जातं. माझ्या या कामाची सरकारदरबारी कुठेच नोंद नाही. नाक्यावर वडापावची गाडी लावायची म्हटलं तरी अन्नसुरक्षेची नोंदणी करावी लागते. दुसऱ्याचं सहा महिन्यांचं मूल दिवसभर सांभाळायला मला कुणाला काही विचारावं लागलं नाही. ते विचारावं लागायला हवं, एवढ्यासाठी हे पत्र.

२०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात सुधारणा झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती झाली. २०१८ मध्ये केंद्रानं त्या पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पण माझ्याकडे मूल ठेवणारी कुणी साडीच्या दुकानात आहे, कुणी छोट्या नर्सिंग होममध्ये नर्स, कुणी आठ-दहा माणसांच्या ऑफिसात हिशेब बघते. त्यांच्या मालकांना ती सक्ती लागूच होत नाही. मग शेजारीण सांगते, ‘त्या काकूंकडे ठेव, चांगल्या आहेत.’ आई येते, स्वयंपाकघर बघते, संडास-बाथरूम बघते, मी कशी बोलते ते बघते आणि मूल सोपवते. याहून जास्त पारखून घ्यायला तिच्या हातात काहीच नसतं.

खारघरच्या पाळणाघरात २०१६ मध्ये दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण महाराष्ट्र विसरलेला नाही. ती दृश्यं आजही मला बघवत नाहीत. ती आपल्यापर्यंत आली, कारण त्या पाळणाघरात सीसीटीव्ही होता. म्हणजे कॅमेरा लावलेला होता, तरीही ते घडलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्यांवर झालेल्या अत्याचारानंतर शाळांसाठी सीसीटीव्ही सक्तीचा शासन निर्णय निघाला, आता पाळणाघरांनाही तीच सक्ती करा असं लोक म्हणतात. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. पण मुलांशी क्रूरपणे वागणाऱ्याला शिक्षा देणारं बाल न्याय कायद्याचं कलम ७५ काय किंवा कॅमेरा काय, दोन्हींचा उपयोग मुख्यतः घडून गेल्यावर होतो. आधी काय बघायचं, ते मी सांगते.

सगळ्यात आधी माणशी मुलं किती ते बघा. माझ्याकडे एका वेळी दोनच तान्ही असतात, बाकीची चालती-बोलती. मदतीला एक ताई आहे. तरीसुद्धा एका बाळाला शी धुवायला आत नेलं की बाहेरच्या खोलीत चार मुलं एका माणसाच्या नजरेवर राहतात. तेवढ्यात बेल वाजते, गॅसवर दूध असतं, रांगणारं मूल प्लगच्या दिशेनं निघालेलं असतं. आता हेच चित्र एकटी बाई आणि दहा मुलं असं डोळ्यांपुढे आणा. अशी घरं मला माहीत आहेत, आणि त्या बायका दुष्ट नाहीत. महिन्याला एका मुलाचे जे पैसे मिळतात त्यात मदतनीस परवडत नाही, म्हणून त्या मुलांची संख्या वाढवतात. मुलं वाढली की बाई थकते, थकली की ओरडते, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या एकट्या बाईला आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं घेता येतात. त्यांतली पाच वर्षांखालची तीन आणि वर्षाच्या आतलं साधारणपणे एकच. तिची नोंदणी होते आणि लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण तिला घ्यावंच लागतं. आकडा आपण आपल्या परिस्थितीप्रमाणे ठरवू, पण आकडा ठरायला हवा.

दुसरी गोष्ट झोपेची. दुपारी एक ते तीन सगळी मुलं झोपली, तर पाळणाघर चालवणारीला दोन घास सुखानं खाता येतात. त्यामुळे मोह कुठे होतो हे मला आतून माहीत आहे. गिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या बायांना मुंबईत तान्ह्या पोरांना अफूची बाळागोळी द्यावी लागायची. आज बाळागोळीची जागा खोकल्याच्या औषधाच्या चमच्यानं घेऊ नये. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या दूषित सिरपमुळे दगावली, त्यांतल्या काहींवर आपल्या नागपुरात उपचार झाले होते. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रानं दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत असं बजावलं. ती सूचना डॉक्टरांपर्यंत गेली, आमच्यापर्यंत कोण पोचवणार? माझ्याकडे आईनं वहीत सही करून, वेळ आणि माप लिहून दिल्याशिवाय कुठलंही औषध दिलं जात नाही. अशी वही प्रत्येक पाळणाघरात असावी.

बाकीचं फारसं खर्चिक नाही. बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवायची नाही, कारण वीतभर पाण्यातही तान्हं बुडतं. फिनेल सरबताच्या बाटलीत भरायचं नाही. गॅलरीला जाळी हवी, तान्ह्याला उताणं झोपवायचं, झोळीत टाकून नजरेआड जायचं नाही. शेंगदाणा घशात अडकला तर काय करायचं, हे हातांना सवयीचं असावं. घरातल्या पुरुषांसह सगळ्यांची पोलीस पडताळणी व्हावी. हे शेवटचं काही जणींच्या मनाला लागेल, पण मूल रोज दहा-दहा तास ज्या घरात राहतं, त्या घरातली माणसं कोण आहेत हे आईला कळायलाच हवं.

मात्र एक कळकळीची विनंती. नियम मोठ्या डे-केअरच्या मापानं बेतू नका. अग्निशमन दाखला, व्यापारी गाळा, वर्षाला हजारोंचं शुल्क असं काही आलं तर उद्या माझ्यासारख्या बायका दारावरची पाटी काढतील आणि गुपचूप मुलं सांभाळतील. बंद झालेल्या पाळणाघरातली मुलं मग कुठे जातील? सात वर्षांच्या ताईच्या कडेवर, नाहीतर आईच नोकरी सोडेल.

म्हणून नोंदणी विनाशुल्क ठेवा आणि ती एकात्मिक बालविकास योजनेच्या नागरी प्रकल्प कार्यालयात होऊ द्या. मुख्यसेविका अंगणवाड्यांना भेटी देतातच, त्यांना जादा मनुष्यबळ देऊन वर्षातून दोनदा आमच्याही घरी न सांगता पाठवा. पहिल्या भेटीत त्रुटी दिसल्या तर दंडाऐवजी मुदत द्या. महापालिकेच्या रुग्णालयात दोन दिवसांचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण ठेवा, ते शनिवार-रविवारी असलं तर आम्हाला येता येईल. नोंदणी क्रमांक दारावर लावू द्या, शेजारी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांकही असू द्या.

कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, पिंपरी-चिंचवड अशा एखाद्या शहरात सहा महिने हे करून बघता येईल. नियमांचा मसुदा होईल तेव्हा समितीत पाळणाघर चालवणाऱ्या दोघी आणि तिथे मूल ठेवणाऱ्या दोन आया घ्या. बैठक दुपारची ठेवू नका, तेव्हा मुलं आमच्याकडे असतात.

आपली,
घरगुती पाळणाघर चालवणारी एक काकू,
डोंबिवली