पडद्यावरच्या वाटाघाटींत आमच्या बाजूने बसलेल्या ताईस

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

नाव छापायचं नाही अशी अट तूच घातलीस, म्हणून नुसतं ताई. तुझे बाबा आमच्याच मशीन शॉपमधले, म्हणजे तू घरचीच. घरच्यांचे कसले आभार, असंही एकजण म्हणाला. पण ते चारचौघांत मानायचे असं युनियनच्या कमिटीत ठरलं, आणि लिहायचं काम सेक्रेटरी म्हणून माझ्यावर आलं.

२०२० च्या मार्चअखेर चाकणच्या आमच्या कारखान्यातला वेतन करार संपला, आणि त्याच सुमारास टाळेबंदी लागली. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १९ मुळे नवा करार होईपर्यंत जुना चालू राहत असे, त्यामुळे हातातलं जाणार नव्हतं. पण मागणीपत्र देऊन झालं होतं आणि लोक विचारत होते. व्यवस्थापनाने झूमवर बोलू म्हटलं. आमच्यातले काही गावी अडकलेले. एकाला तर रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं.

तुझा पहिलाच प्रश्न होता, "काका, होस्ट कोण?" होस्ट अर्थातच कंपनी. कुणाचा माइक बंद करायचा, रेकॉर्डिंग करायचं की नाही, हे सगळं होस्टच्या हातात असतं. आपसात बोलायला तुम्हाला वेगळी ब्रेकआउट रूम देतो, असं त्यांनी कळवलं तेव्हा तू सांगितलंस की त्या रूममध्येही होस्ट कधीही येऊ शकतो. त्यांच्या मनात तसं काही नसेलही. तरी आपल्या खोलीची किल्ली समोरच्याच्या खिशात कशाला? मग तू ठरवून दिलंस : चर्चा थांबवायची, मीटिंगमधून सरळ बाहेर पडायचं आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर भेटायचं. ग्रुप कॉलची मर्यादा त्याच एप्रिलमध्ये चारवरून आठ झाली होती, आम्ही सातजण. बेताने बसलो.

खरे उपकार मात्र तू करून दिलेल्या त्या गूगल शीटचे, म्हणजे हिशेबाच्या ऑनलाइन तक्त्याचे. व्यवस्थापन नेहमी "एकूण वाढ" सांगतं आणि तिचा मोठा हिस्सा भत्त्यांत टाकतं. मूळ पगारात हजार रुपये वाढले की आमच्याकडे कंपनीचा पीएफचा वाटा १२० रुपयांनी वाढतो. ग्रॅच्युइटी १५/२६ च्या हिशेबाने (नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस २६ धरून), म्हणजे वीस वर्षं झालेल्या माणसाला साडेअकरा हजारांचा फरक. तेच हजार धुलाई भत्त्यात गेले तर तेव्हा यातलं काहीच मिळत नव्हतं. आम्हाला हे तोंडपाठ होतं; पण समोरून नवा आकडा आला की कॅल्क्युलेटर काढून बसेपर्यंत चर्चा पुढे सरकलेली असायची. तुझ्या शीटमध्ये आकडा टाकला की नव्या पोरापासून निवृत्तीला आलेल्यापर्यंत प्रत्येक गटाला काय मिळणार ते लगेच समोर. एका बैठकीत आम्ही तीच शीट स्क्रीनवर दाखवली. त्यांचे फायनान्सवाले साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि पुढच्या प्रस्तावात मूळ पगाराचा वाटा वाढून आला.

मसुदा सामायिक डॉक्युमेंटमध्ये ठेवायचा तुझा आग्रहही बरोबर ठरला. थकबाकीच्या कलमातली तारीख कुणी, कधी बदलली हे व्हर्जन हिस्टरीत दिसत होतं. त्यावर भांडण झालंच नाही.

एक गोष्ट तुझ्याही हातात नव्हती. एरवी समोरासमोरची बैठक फिसकटली की बाहेर चहाच्या टपरीवर एचआरचे साहेब हळूच सांगायचे, "इतकं नका ताणू, अमुकपर्यंत होईल." ते झूमवर कुठून होणार? शेवटचा तिढा मास्क लावून, समोरासमोर बसूनच सुटला. सह्याही कागदावर, शाईनेच झाल्या.

आता शेजारच्या कंपन्यांतल्या युनियन शीट मागतायत. नावं आणि पगार काढलेली कोरी प्रत देतो आहोत, तुला विचारूनच. त्यात बोनसचा हिशेब घालायचा राहिलाय, कायद्यातल्या किमान ८.३३ टक्क्यांपासून वरचा. दिवाळीच्या आधी जमवशील का? बाबांकडून निरोप पाठवला होता, पण ते विसरतात.

तुझा,
सेक्रेटरी काका